आभाळाकडं बघणाऱ्या मेंढ्या

मंगळवार, कडेगाव

सकाळी धोंडाबाईंच्या तीन मेंढ्या माना मागं टाकून आभाळाकडं बघत होत्या. डोळे उघडे, पण दिसत काहीच नव्हतं.

“डॉक्टर, बाहेरची बाधा हाय का वं?”

चारा नाही म्हणून बाईंनी सगळ्या कळपाला महिनाभर साखर कारखान्याची मळीच पाजली होती. मी सांगितलं, “बाधा नाही. मेंदूतली एन्झाइमं शाबूत आहेत, पण नुसत्या मळीवर बी-वन जीवनसत्त्व कमी पडतं, आणि त्याची जोड नसली की त्यांना साखरेतून ताकद काढता येत नाही. मेंदू उपाशी मरतो.”

इंजेक्शनं दिली. दुपारी एक मेंढी उठली, दोन मेल्या. त्या वर लागलेल्या नजरा डोळ्यांपुढून जात नाहीत. मला उशीर झाला का?

कळपात अजून साठ आहेत. माझ्याकडचं औषध संपलंय, आणि सांगलीहून येणार ते परवा.