चंद्रयानाची कळ आणि अप्पांची आरामखुर्ची

माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर
१४ डिसेंबर २०००

ती. नानांस विमलचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचं लोणचं, दोन्ही ठीक असावीत. इकडे थंडी कडक, मी खुशाल, आणि आपले अप्पा (तुम्ही आधी बसून घ्या) श्रावणात गेलेले असूनही रोज संध्याकाळी सहाला कळ दाबतात.

तुम्ही पडलात पुण्यात, म्हणून पहिल्यापासून सांगते. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानात कॉम्प्युटरशी बोलायला एक डबा होता. काय करायचं त्याचा एक क्रमांक, कशावर करायचं त्याचा दुसरा, असं दाबायचं. (आमच्या ऑफिसच्या फायलींसारखंच, फक्त ते लोक पोचले.) मोठ्या कामाआधी आकडे लुकलुकत, आणि माणसाने ‘पुढे चला’ची कळ दाबेपर्यंत यंत्र ढिम्म. तस्सा डबा मी दोन वर्षं खपून बनवला. फोटोवरून नकाशे उतरवले (वीस वर्षं ट्रेसर आहे, उगीच नाही), हिरवे आकडे नया बाजारातल्या रेडिओवाल्याकडून आणले. तो अजून विचारतो, "मॅडम, वो घड़ी चली क्या?"

अप्पा म्हणाले, तू यानात, मी जमिनीवर, परवानगी मी देणार. म्हणून ती एक कळ लांब वायरीने बाहेरच्या खोलीत त्यांच्या आरामखुर्चीला लावली. दिवेलागणीला डबा आपले दिवे तपासायची परवानगी मागायचा. अप्पा चहा संपवून कळ दाबायचे, आणि आम्ही दोघं चंद्रावर उतरल्यासारखे खूश.

अप्पा गेल्यावर वायर काढायला हात धजला नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सहाला आकडे लुकलुकले. मी उठणार, तोच स्थिर झाले. परवानगी मिळाली होती. खुर्ची रिकामी. उंदीर म्हणावा, तर पिंजऱ्यातली शेव तीन दिवस जशीच्या तशी. वायरमन तुकोजीने सगळी वायर तपासली, खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि चहा न घेताच गेला. तेव्हापासून एका दिवसाचा खाडा नाही. मला भीती वाटते, नाना, आणि ऑफिसातून सहाच्या आत घरी पोचायची घाईही असते.

आता खरा घोटाळा. राज्याचे दोन तुकडे झाले, तशी आमच्या खात्याचीही वाटणी चाललीय. छत्तीसगडला जाणार का, असा फॉर्म आलाय. गेले तर रायपूरला हेड ड्राफ्ट्समन, नाहीतर रिटायर होईपर्यंत इथेच ट्रेसर. मागे इंदूरची बदली आली, मग भोपाळची. अप्पा नाही कधीच म्हणाले नाहीत. ‘चहा होऊ दे, बघू’ म्हणायचे. त्या चहातच माझी वीस वर्षं गेली. मला जायचंय. म्हणून डब्यात रायपूरचा नवा क्रमांक घातला, ८९. आठ दिवस रोज दाबते, आकडे नुसते लुकलुकत राहतात. कंटाळून रद्द करते, दिव्यांची तपासणी मागते, तर ती लगेच मंजूर!

वहिनींना नमस्कार.

तुमची
विमल

ता. क. काम असं आहे, फॉर्मची मुदत वीस तारखेला संपते. तुम्ही थोरले. एक दिवस येऊन अप्पांच्या खुर्चीत बसा आणि ती कळ दाबा. बाकी काही नको.

ता. क. २ पाकीट चिकटवण्याआधी धीर केला. पकडीने लांब वायर कापली, कळ हातभर तुकड्याने डब्याला जोडली आणि ती मांडीवर घेऊन डब्यासमोर बसले, आज आपणच दाबायची म्हणून. सहाला ८९ दाबलं. आकडे दोनदा लुकलुकले आणि स्थिर झाले. मी कळेला बोटही लावलं नव्हतं.

ता. क. ३ तरीही या, नाना. परवानगी मिळालीय. आता ‘नको जाऊस’ म्हणायला कोणीतरी हवं.