माघारी आणलेला उतारा

१० नोव्हेंबर, कडेगाव
नोकरी लागली! मी, संयोगिता, आजपासून फार्मसी कॉलेजच्या ॲनिमल हाउसमध्ये संशोधन सहायक. उंदरांच्या खोलीला एसी आहे, माझ्या भाड्याच्या खोलीतला पंखाही धड फिरत नाही. मान ज्याचा त्याला! काम सोपं आहे. उंदरांचे दोन गट मधुमेही केलेत. एकाला मेटफॉर्मिन, दुसऱ्याला ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी औषधं तोंडावाटे द्यायची आणि शेपटीच्या थेंबातून साखर बघायची. तिसरा गट निरोगी, तुलनेपुरता. देखभाल हरिबा करतात. वयस्कर आहेत, उंदरांना ‘पाव्हणं’ म्हणतात.

आईला तासगावहून इथंच आणणार आहे. साखरेमुळे तिच्या डाव्या पायाची जखम चिघळलीय. सांगलीचे डॉक्टर पाय काढावा लागेल म्हणतात. तो पाय वाचला की मला बाकी काही नको.

१६ नोव्हेंबर
आई आली ती उताऱ्याचं खूळ घेऊनच. दुखण्यावरून कोंबडी उतरवायची, गावाच्या शिवेवर सोडायची आणि मागं वळून न बघता घरी यायचं. घरमालकाला कोंबडी चालेना, मी थट्टा केली, आई रुसून बसली. शेवटी आज रविवार साधून तिला कॉलेजात नेलं आणि एक निरोगी उंदीर तिच्या पायावरून उतरवला. स्वारी खूश. पण उंदीर शिवेवर कसा सोडणार? एकेकाची नोंद असते. परत पिंजऱ्यात ठेवला.

हरिबांनी ते पाहिलं. “ताई, उतारा माघारी आणत न्हाईत,” एवढंच म्हणाले. मी हसण्यावारी नेलं.

२५ नोव्हेंबर
आईची जखम सुकतेय! डॉक्टरही चकित झाले. मी पेढे वाटले, पाव्हण्यांना सोडून. एकच विचित्र वाटतंय. तो निरोगी उंदीर बाटलीच्या बाटली पाणी पितो. साखर पाहिली तर मधुमेही उंदरांपेक्षा जास्त. यंत्र बदलून पाहिलं. तेच.

४ डिसेंबर
त्याचा मागचा पाय काळा पडलाय. डावाच.

परवा राहवलं नाही, त्याला मेटफॉर्मिन पाजलं. घरी आले तर आईची जखम ओलसर. काल ग्लिमेपिराइड दिलं, तर तिची पट्टी भिजून गेली. तो सावरला की दुखणं आईकडे परततं; कोणतं औषध सरस, ते तिच्या पायावर दिसतंय.

आज काहीच दिलं नाही. आई पुन्हा हिंडू लागली. तो सडतोय आणि मी त्याला सडू देतेय. माझी मलाच किळस येते.

७ डिसेंबर
सरांनी सांगितलं, प्रयोग संपला, उद्या सगळे उंदीर मारायचे. मी घाबरून हरिबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, उतारा शिवेच्या आतच मेला तर दुखणं आल्या घरी परत जातं. अजून वेळ आहे, शिवेवर न्या. पण काही झालं तरी मागं बघू नका.

८ डिसेंबर
हरिबांनी नोंदीत मेलेला दाखवून तो बाजूला ठेवला होता. दिवेलागणीला शिवेवर नेला. उसाच्या सरीत सोडला. निघाले.
मागं पाचटात खसखस. माझ्याच हातून औषध प्यायलेला, माझा हात ओळखतो तो — तीन पायांवर येत असणार —
मी वळून बघितलं.
तो थांबला. माझ्याकडे बघत तिथंच आडवा झाला.

१० डिसेंबर
तहान. माठ संपला तरी तहान. डावा अंगठा काळा.
आईनं पाहिलं. काठी न घेता कॉलेजात गेली, हरिबांकडे उंदीर मागायला. एकही उरला नाही.

११ डिसेंबर
घोट्याच्या वर चढलंय — लिहवत नाही —
आईनं दार लावून घेतलंय. पदर खोचलाय.
“उंदरं सरली तर सरू देत. मी हाय की.”
माझ्याभोवती फिरायला लागली — आई, नको — तिची पट्टी — फरशीवर ओलं पाऊल उमटतंय, डावं — आई, थांब, तुझा पा