भिमाबाईचं लग्न

नगर,
३ नोव्हेंबर २०२४

ति. छबूआत्यास,
धनश्रीचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू कपाटात ठेवून दिलंस, म्हणून भाचीला शाळेतल्यासारखं पत्र लिहिणं आलं. पण तुझं काम झालं. कॅथेड्रलच्या पाळकसाहेबांनी लग्नांची जुनी वही काढली. तुझे आजी-आजोबा सापडले. आसाराम, वय बावीस, पलटणीत शिपाई. भिमाबाई, वय अठरा, राहणार कोल्हार. लग्न २१ नोव्हेंबर १९१८. कोल्हारचे पाळक मानमोडीच्या तापाच्या साथीत वारले, म्हणून लग्न नगरला लागलं, असा शेरा आहे. आपली बैलगाडीतून आलेली माणसं त्या उंच कमानीखाली उभी राहिली असतील, या विचाराने मला उगीच भरून आलं.

पणजीच्या अंगठ्याचा ठसा मात्र एवढासा आहे, लहान मुलीचा असावा तसा. ती फार बारीक होती का? आता दगडावर कोरायला लग्नाची तारीख मिळाली, तेव्हा नाताळच्या आत तिच्या कबरीवर दगड बसू दे. कितीतरी वर्षं तू त्यासाठी झुरते आहेस. जपून राहा.

तुझ्या मायेची हक्कदार,
धनश्री


कोल्हार,
११ नोव्हेंबर २०२४

चि. धनश्री हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोळे भरले. दुसऱ्यांच्या लग्नाच्या नोंदी हुडकत फिरतेस, स्वतःची नोंद कधी करणार तेही कळव. आजी बारीक कसली, चांगली हाडापेराची होती. तिचा अंगठा भाकरीवर उमटायचा तो मला अजून दिसतो. लग्नात लहान असेल.

एक सांगते. तिला हाक मारली की पहिल्या दोन हाका वाया जायच्या. तिसऱ्या हाकेला ओ द्यायची, तीही दचकून. आणि दिवेलागणीला दारात उभी राहून म्हणायची, "भिमे, ये गं आत." म्हातारी स्वतःलाच बोलावते म्हणून आम्ही पोरं हसायचो. ती मात्र वाट बघून मगच कडी लावायची.

राहुरीचा अजिनाथ पाथरवट रविवारी येतोय. आजीच्या शेजारी जी बुटकी कबर आहे ना, तीही त्याला खरवडायला सांगितली आहे. आजी दर नाताळला तिला चुना लावायची. कोणाची म्हणून विचारलं तर आपल्याच माणसाची, एवढंच सांगायची.

तुझी,
छबूआत्या


कोल्हार,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. धनश्री हिस आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. अजिनाथने चुन्याचे थर काढले. खाली अक्षरं निघाली. 'भिमाबाई. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी प्रभूत निजली.'

अजिनाथने छिन्नी खाली ठेवली. मला ऐकू येत नाही हे त्याला ठाऊक आहे, म्हणून कानाशी तोंड आणून ओरडून म्हणाला, "बाई, ह्यांचं नाव तर अगुदरच हाय की हितं."

लग्नाच्या आधी दोन आठवडे जी मातीत गेली तिने संसार कसा केला? मला न्हाऊमाखू कोणी घातलं? मी काम थांबवलं आहे. मला भीती वाटते, धना. या वयात आपण कोणाची नात हे विचारायची पाळी यावी? तू पुन्हा जाऊन बघ.

छबूआत्या


नगर,
२४ नोव्हेंबर २०२४

ति. आत्यास सप्रेम सलाम.

घाबरू नकोस. जवळ कोणाला तरी बसवून हे वाच.

आपल्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत नवरा-नवरीची नावं वाचतात आणि कोणाची हरकत आहे का विचारतात, ते तुला माहीतच आहे. वहीत ते रविवार दिले आहेत. तिसरा होता १० नोव्हेंबरचा. त्या दिवशी कॅथेड्रलमध्ये भिमाबाईचं नाव मोठ्याने वाचलं गेलं, तेव्हा तिला पुरून झालं होतं. कोणी हरकत घेतली नाही. कोल्हारचे पाळक हयात नव्हते आणि नगरच्या पाळकांना ती गेल्याचं ठाऊक नव्हतं.

मग मी बाप्तिस्म्याची वही मागितली. भिमाबाईच्या माहेरी दोन मुली होत्या. धाकटीचं नाव गोजर, लग्नाच्या वेळी तेरा वर्षांची. पुढे तिचं ना लग्न लिहिलंय, ना मरण. पाळकसाहेब म्हणाले, नाव बदललं असतं तर पुन्हा तीन रविवार थांबावं लागलं असतं आणि पलटणीतल्या माणसाला तेवढी रजा कुठली. वाचलेलं नाव वाया जाऊ नये म्हणून घरच्यांनी त्या नावाखाली गोजरला उभं केलं असणार. तो छोटा अंगठा तिचा आहे.

आत्या, ती स्वतःला बोलावत नव्हती गं.

तुझी,
धना


कोल्हार,
२ डिसेंबर २०२४

चि. धनश्री हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन दोन दिवस नुसती बसून होते. जिचं नाव पांघरलं तिलाच रोज आत बोलवायचं, आणि ती न आल्यावर दार लावायचं. असं सगळं आयुष्य काढलं माझ्या आजीने, आणि आम्ही हसलो.

मंडळीचे पंच म्हणाले, कागदावर भिमाबाई आहे, तेच कोरा. मी सांगितलं की भिमाबाईचा दगड तिथे आधीच आहे, एका नावाच्या दोन कबरी मी करू देणार नाही. अजिनाथने काल 'गोजरबाई' कोरलं. अक्षर सुरेख आलंय.

दगड बसला तेव्हा दिवेलागण झाली होती. अजिनाथ टेम्पोत हत्यारं ठेवत होता. मला वाटलं, मानमोडीच्या सालापासून या नावाने तिला कोणी हाक मारली नसेल. म्हणून मी मारली. "गोजर," म्हटलं, "ये गं आत."

धना, पहिल्याच हाकेला ओ आली.

नाताळला ये, मग दोघी मिळून चुना लावू. आहे तशी माया राहू दे.

तुझी,
छबूआत्या

ता. क. अजिनाथला विचारलं. त्याला काही ऐकू आलं नाही, आणि त्याचे कान चांगले आहेत. माझं यंत्र कपाटातच होतं.