बाबांच्या घड्याळाचा पट्टा

बडोदा

चि. गौरेश, तुला आणि सुविधाला आशीर्वाद.

मी बरी आहे, काळजी करू नका. बाबांचं घड्याळ पोचलं. नवी काच, नवी चावी, चकचकीत पट्टा! हा शहाणपणा तुला कोणी सांगितला होता? तबकडी आणि काटे तेवढे बाबांचे उरले.

काच गेली तर गेली. पण पट्टा? आजारात त्यांचं मनगट बारीक होत गेलं, तशी मी खिळा तापवून त्याला एकेक भोक पाडत होते. "आता हातच संपतलो गो बाय," म्हणून हसायचे.

घड्याळ दुरुस्त केलंस त्या डिचोलीच्या दुकानात आजच जा. जुना पट्टा त्यांनी टाकला नसेल तर घेऊन ये. सुविधाची कंबर कशी आहे?

नवा पट्टा शेवटच्या भोकातही मला सैल होतो. बाबांचा, मी पाडलेल्या शेवटच्या भोकात, बरोबर बसला असता.

तुझी थोरली बहीण,
बाय