सुकराम मरकाम यांचे पूर्ण म्हणणे

मृत्युपत्र

लिहून ठेवणार : श्रीमती प्रेमिला यादोराव सलामे, वय ६३ वर्षे, नोकरीतून निवृत्त, राहणार कुडवा, तालुका व जिल्हा गोंदिया.

हे माझे पहिलेच मृत्युपत्र आहे आणि ते मी पूर्ण शुद्धीत लिहून ठेवीत आहे. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव असता तर पुढचे सांगणे सोपे गेले असते.

१. माझे माहेर सालेकसा तालुक्यातले, घरची बोली गोंडी. पती यादोराव रेल्वेत गँगमन होते, ते २००३ साली वारले. मुलगा लखन, सून रेणू आणि नात आचल एवढाच माझा संसार. मी गावात बालवाडी चालवीत असताना १९९८ साली धरणीतेज कोल अँड पॉवर या कंपनीने मला कामावर घेतले, कारण मला गोंडी, हिंदी आणि मराठी तिन्ही येत होत्या. तेव्हा कंपनी म्हणजे कुडव्यात टायरच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबले आणि भाड्याची जीप. छत गळायचे, म्हणून पावसाळ्यात साहेबांच्या टेबलावर फायलींच्या शेजारी बादली असायची. आज तिच्या वीजकेंद्राच्या तीन चिमण्या हायवेवरून दिसतात. शेजारच्या राज्यात तिची स्वतःची खाण आहे, आणि तिथल्या कोळशाची मालगाडी जाते तेव्हा फाटकावर लोक गाड्या बंद करून उभे राहतात. हे सगळे वाढताना मी पाहिले. नातेवाइकांत मी "आमची कंपनी" म्हणत असे, आणि छाती काढून म्हणत असे.

२. त्या खाणीसाठी मार्च २००९ मध्ये जंगलातल्या एका गावात जनसुनवाई, म्हणजे सरकारी जाहीर सुनावणी, झाली. तिथली गोंडी आमच्यापेक्षा थोडी वेगळी, पण मी आधीच जाऊन राहिले होते, तिसऱ्या दिवशी ती माझ्या कानात बसली. अधिकाऱ्यांना गोंडी येत नव्हती, म्हणून कंपनीने मला दुभाषी म्हणून नेले होते. मंडपात पंखे बंद पडले होते. गावचे सुकराम मरकाम उठले आणि बोलले. ते जे बोलले ते मी इथे पूर्ण लिहीत आहे :

"डोंगराकडच्या टोल्यावर, आमच्या वस्तीत, तुम्ही कोळशासाठी भोकं पाडली आणि आमचा झरा आटला. आधी ते पाणी जिथं होतं तिथं आणून ठेवा. मग आम्ही बसू आणि ठरवू. तोवर आमचं म्हणणं नाही असं आहे. इथं बसलेल्या साऱ्यांचं नाही आहे."

मी माईकवर हिंदीत सांगितले, "पानी का इंतजाम कर दीजिए, बाकी बात बैठकर तय हो जाएगी."

इतिवृत्तात लिहिले गेले : ग्रामस्थांची पाण्याची मागणी, इतर हरकत नाही.

मला खोटे बोलायला कोणी सांगितले नव्हते. आदल्या दिवशी आमचे हिमांशू साहेब एवढेच म्हणाले होते की ताई, बात छोटी रखना. मला कायम होण्याचे पत्र त्याच महिन्यात मिळायचे होते. मी बात छोटी ठेवली. सुकरामदादा माझ्याकडे बघून खाली बसले.

३. गावात कंपनीचा टँकर सुरू झाला. तीन वर्षांत गाव उठवून नऊ किलोमीटरवर पत्र्याच्या वसाहतीत नेले. झऱ्याची जागा आता खाणीत आहे. २०१४ साली मी कंपनीच्या कंबलवाटपाला त्या वसाहतीत गेले, तेव्हा सुकरामदादांनी मला ओळखले. बसायला बाज दिली. मग शांतपणे म्हणाले, "पोरी, मला हिंदी समजते. तू काय सांगितलं ते मी त्याच वेळी समजलो होतो. पण तू आमची बोली बोलणारी. मला वाटलं, हिच्या मनात आमच्यासाठी काही असेल, म्हणून मी पुन्हा उठलो नाही."

मी उरलेली कंबले वाटली आणि जीपमध्ये येऊन बसले. हे मी तेव्हा माझ्या घरी कोणालाही सांगितले नाही. फक्त भाऊ केवळराम याला त्या गावच्या पाहुण्यांकडून कळले. तो भांडला नाही. तो कुडव्याला येतो, ओसरीवर बसतो, पण त्या वर्षापासून माझ्या घरचा चहा घेत नाही.

४. माहेरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, माझा वाटा आहे. त्या वाट्याचे धान केवळरामने मला वीस वर्षांत एकदाही दिले नाही, आणि त्यावरून मी त्याला नको ते बोलले आहे. तो वाटा मी त्याच्या नावे करीत आहे. धानाबद्दलचा माझा राग कायम आहे, हेही इथे नमूद करते.

५. त्या खाणीच्या गावच्या गोंडीतले शब्द मी ज्या रजिस्टरात उतरवून ठेवले ते रजिस्टर केवळरामची मुलगी खुशबू हिला द्यावे. ती आश्रमशाळेत शिकवते आणि तिलाही आता दुभाषी म्हणून बोलावू लागले आहेत. तिला माझे एकच सांगणे : कोणी लांब बोलले तर लांबच सांगायचे. ऐकणारा घड्याळ बघत असला तरी.

कंपनीच्या रौप्यमहोत्सवाच्या पुस्तकात पान चौदावर माझा त्या सुनवाईतला फोटो आहे. खाली छापले आहे, "संवादातून विकास". ते पुस्तक जाळू नये. आचलने मोठी झाल्यावर विचारले तर तिला खरे सांगावे.

६. या कलमाची मसुद्यातली आधीची भाषा अशी होती : "२००९ च्या सुनवाईबद्दल माझे प्रतिज्ञापत्र लोखंडी कपाटात आहे. ते माझ्या मृत्यूनंतर संबंधित कार्यालयात द्यावे." हे कलम मी रद्द केले आहे. त्याचे कारण लिहिते.

खाण वाढवण्यासाठी दुसरी सुनवाई लागली आणि कंपनीने कागदांत २००९ चे इतिवृत्त पुन्हा जोडले. लखन कंपनीतच क्रेन चालवतो. मी त्याला सारे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आई, सोळा वर्षं चूप राहिली, आता काऊन बोलून राहिली? माझी नोकरी तिथंच आहे." म्हणून मी मेल्यावर बोलायचे ठरवले. पण मसुदा वाचायला शेजारचे दुधरामभाऊ आले. ते निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "सुनवाई त बुधवारी आहे, वहिनी. मेल्यावर कायले?" मी ते कलम तिथेच खोडले.

बुधवारी, १२ नोव्हेंबरला, लखननेच मला मोटारसायकलवर स्टेशनला सोडले. उतरल्यावर पाण्याची बाटली माझ्या पिशवीत घातली आणि गाडी वळवली.

सुनवाईत मी सुकरामदादांचे म्हणणे आधी गोंडीत, मग हिंदीत पूर्ण सांगितले, आणि २००९ साली मी काय सांगितले होते तेही. मंडपात कोणी टाळी वाजवली नाही. लिहिणाऱ्या बाबूंनी नोंद वाचून दाखवली : एका निवृत्त कर्मचारी महिलेची वैयक्तिक तक्रार. मी म्हटले, पूर्ण लिहा. अधिकारी म्हणाले, वेळ नाही. मी माईक सोडला नाही. तीन वेळा दुरुस्ती करून चौथ्यांदा ते जसेच्या तसे कागदावर आले, तेव्हा मी खाली उतरले. निर्णय अजून लागलेला नाही. खाण वाढेल असेच सगळे म्हणतात.

७. चौथ्या दिवशी लखनची बदली खाणीच्या कोळसा यार्डात झाली. आता तो महिन्यातून एकदाच घरी येऊ शकेल. रेणूने मला एक शब्दही ऐकवला नाही. ती माझे ताट वाढते आणि आत जाऊन बसते. माझ्या बोलण्याची झळ तिला बसली, म्हणून कुडव्याचे हे स्वकष्टार्जित घर मी एकट्या रेणूच्या नावे करीत आहे. लखनने हरकत घेऊ नये. बँकेतली शिल्लक आचलच्या शिक्षणाला. मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून खुशबूला नेमीत आहे.

८. शेवटचे. सुनवाई संपल्यावर सुकरामदादांची बायको नंदाबाई मंडपाच्या दोरीला धरून उभी होती. दादा दोन वर्षांपूर्वी वारले हे मला तिथे गेल्यावर कळले. ती म्हणाली, "आज बरोबर सांगितलंस. त्याचे शब्द तेच होते. पण तो शेवटपर्यंत विचारायचा, ती पोरगी तसं काऊन बोलली. मी त्याला काय सांगणार होते?"

बाकी सगळे मी वर वाटून दिले आहे. दादांचा हा प्रश्न मात्र कोणाच्या नावे करता येत नाही, तो माझ्याकडेच राहील.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, म्हणून खाली सही केली.

प्रेमिला यादोराव सलामे (सही)

आमच्या समोर बाईंनी सही केली आणि त्यांच्या समोर आम्ही :

साक्षीदार १ : दुधराम बिसेन, राहणार कुडवा (सही)
साक्षीदार २ : भागीरथा टेंभरे, राहणार कुडवा (सही)

ठिकाण : कुडवा, गोंदिया
दिनांक : २० नोव्हेंबर २०२५