दोरीची उंची

५ जानेवारी, दारव्हा

आज पुन्हा दोरीनं दगा दिला. मागच्या अंगणातली कपड्यांची दोरी – टाचा उचलल्या तरी ओली चादर वर जाईना. केबलवाल्या बबलूनं वायर ओढताना वर बांधली असणार. विचारलं तर म्हणतो, "मी कायले हात लावू काकू तुमच्या दोरीले?" खोटारडा.

ह्यांनी बांधलेली दोरी ती. या घरात आलो तेव्हा मला भिंतीशी उभं केलं, हात वर करायला लावला, आणि बोटं पोचली तिथं खिळा ठोकला. हे जाऊन दोन वर्षं झाली, आता लोक खुशाल दोऱ्या हलवतात.

८ जानेवारी

समाजमंदिरात हाडं तपासायचं शिबिर. शेजारची विजयमाला ओढूनच घेऊन गेली. टाचेला जेल लावलं, पाय मशीनमध्ये घातला, मिनिटभरात हिरवा दिवा. "मजबूत आहे मावशी!"

असणारच. नेरला माहेरी बैलबंडीत कापूस भरायचा तर तुडवायला मी नि ताई. बाबा खालून कापूस टाकायचे, आम्ही वर उड्या मारायचो. कमरेपर्यंत रुतायचो, हसून हसून पोट दुखायचं. बंडी भरत आली की वरून सगळं शिवार दिसायचं. किती उंच वाटायचं तेव्हा! अजून आठवलं की टाचा शिवशिवतात.

श्रेयसला पुण्याला फोन केला. दिवाळीपासून चिरंजीवांचा एकच धोशा – घर बंद कर, इकडे ये, एकटी असताना पडलीस तर? म्हटलं, घे, हाडं पास झाली.

९ जानेवारी

पास कसली! श्रेयस म्हणतो, टाचेचं मशीन नुसता अंदाज देतं, मणका नि खुबा बघायचा तर डेक्सा कर, हाडांची घनता मोजणारा एक्स-रे. विजयमालाही त्याच्याच बाजूनं – "टाच पाहून कमरेचं कसं समजन, काकू?"

ठरलं. डेक्सा चांगला आला तर तो पुण्याचं नाव काढणार नाही. खराब आला तर मी निमूट जायचं. हो म्हणून बसले. हिरव्या दिव्याची मस्ती, दुसरं काय.

१६ जानेवारी

यवतमाळला गेले. आधी उंची मोजली. तिथली मुलगी म्हणते, "मावशी, सरळ उभ्या राहा न." मी सरळच उभी होते.

पाच फूट दोन सांगितली होती. भरली चार फूट अकरा.

मग पलंगावर निजवलं, पायांखाली ठोकळा दिला, अंगावरून मशीनचा हात सरकत गेला. दुखलं काही नाही. रिपोर्ट मात्र वाईट – मणक्याचा आकडा उणे तीन, म्हणजे हाड ठिसूळ, खुबाही विरळ. डॉक्टरीणबाईंना विचारलं, मग खोटं मशीन कोणतं? म्हणाल्या, "खोटं कोणतंच नाही. टाचेतून आवाजाच्या लहरी सोडतात, ते टाचेपुरतं सांगतं. औषध ठरवायचं तर डेक्साच धरायचा. सीटी स्कॅनवरही मोजता येतं, पण त्यात किरण जास्त नि खर्चही जास्त." मणके दबलेत, म्हणून उंची गेली.

बसमध्ये सारखी दोरीच डोळ्यांपुढे. बबलूनं हात लावलाच नव्हता. दोरी होती तिथंच होती, मीच खाली आले. खिडकीकडे तोंड करून रडले.

१९ जानेवारी

बॅग भरली. श्रेयस परवा न्यायला येतोय. घरभर फिरले, प्रत्येक दार एकदा लावून उघडून पाहिलं. जायचं नाही मला.

२१ जानेवारी

श्रेयस आला. माझा हात पुरेना ते पाहून दोरी खाली घ्यायला गेला, आणि तिथूनच हाक मारली – "आई, इकडे ये." खिळ्याच्या वर, एकाखाली एक, चुन्यानं बुजवलेली तीन भोकं. समोरच्या भिंतीवरही तीन. मला न सांगता हे दोरी खाली आणत राहिले होते, आणि मी समजत होते की ती आहे तिथंच आहे.

श्रेयसनं एकेका भोकावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हात वर कर." माझी बोटं पोचली तिथं नवा खिळा ठोकला. बॅग त्यानंच आत नेऊन ठेवली. "गोळ्या चुकवायच्या नाहीत. पाडव्याला येऊन पुन्हा मोजतो."