धूर थांबल्यावर

३ मार्च
आलो एकदाचा. नोकरी ज्वालामुखीवर नजर ठेवण्याची, पण डोंगर दिसायला अगदी सज्जन. माथ्यावर धुराचा पांढरा पट्टा, बाकी हिरवागार. निरीक्षण केंद्राच्या मागेच दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालंय, खाली तळघरही आहे. खोल्या बघून बायको म्हणाली, निदान भांडायला जागा झाली. आमच्या पाच वर्षांच्या चिमणीने डोंगराला लगेच आजोबा करून टाकलं, कारण ते सारखे सिगरेट ओढतात.

माझं काम साधं आहे. माथ्याजवळच्या भेगेच्या दोन्ही काठांवर लोखंडी खुंट्या ठोकल्यात, त्यांच्यातलं अंतर रोज मोजायचं. पोटातला शिलारस वर सरकला की डोंगर फुगतो आणि भेग रुंदावते. केंद्राचे साहेब मोकळ्या स्वभावाचे वाटले.

१९ मार्च
भेग वाढतेय. जमीन अधूनमधून हादरते, फडताळातली भांडी वाजतात. बायकोला आणि चिमणीला मेहुण्याकडे पाठवून दिलं. बायको कुरकुरली, पण गेली. ते बघून निम्म्या गावाने बिऱ्हाड हलवलं. केंद्रातल्या माणसाने बायको धाडली म्हणजे पाणी मुरतंय, असं कोपऱ्यावरचा दुकानदार तोंडावर म्हणाला. साहेब मात्र चिडलेत. गेल्या वर्षी त्यांनी गाव रिकामं केलं आणि काहीच झालं नाही, तेव्हा वरून त्यांची चांगलीच खरडपट्टी निघाली होती.

२६ मार्च
सकाळपासून धूर नाही. हादरेही बंद. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, आता वहिनींना बोलवा, तुमची माणसं आली की गाव आपोआप परतेल. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. घर खायला उठतं. लगेच फोन केला. बायकोने दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की.

२८ मार्च
दोघी आल्या. चिमणी कडेवरून उतरेना. संध्याकाळपर्यंत दुकानदाराची बायको परतली, तिच्यामागे अख्खी गल्ली. साहेब बैठकीला म्हणून गावाबाहेर गेले. गाडीत त्यांची आई होती, कुत्रा होता, टपावर गाद्या होत्या. बैठकीला गाद्या कोण नेतं?

२९ मार्च
भेग एका दिवसात वीतभर रुंदावली. धूर थांबला, कारण वरचं तोंड बुजलं. आत वायू कोंडतोय. साहेबांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. पण पुन्हा गाव रिकामं करून काही झालं नसतं तर नोकरी गेली असती. धोक्याच्या भोंग्याच्या खोलीची किल्ली त्यांच्याचकडे आहे. मी गल्लीभर ओरडत फिरलो. दुकानदार हसला. म्हणाला, मग बायकोला कशाला आणलंत?

बस सकाळीच आहे. सामान बांधतोय. बायकोने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावायला हवा होता.

३० मार्च
पहाटे फुटला. दुपारीही काळोख. राख पडतेय, छप्पर करकरतंय — तळघरात उतरलो.

नंतर
छप्पर कोसळलं. दरवाजा हलत नाही, वर तुळया, राख — गल्लीतून हाका येत होत्या. आता येत नाहीत.

नंतर
जमिनीवरची मेणबत्ती विझली. परत पेटेना. फळीवरची जळतेय — वायू. हवेपेक्षा जड, खालून भरत येतो. शिकलो होतो मी हे, परीक्षेत लिहिलं होतं. आणि चिमणीला मीच खाली चादर टाकून निजवलं — उचललं. श्वास आहे.

आलटून पालटून तिला डोक्यावर धरतोय. बायको म्हणाली, साहेबांचं लिहून ठेव. लिहिलंय.

फळीवरची फडफडतेय —

बायको बसली. उठ म्हणतोय. उठत नाही —

चिमणी माझ्या खांद्यावर. एका हाताने लिहितोय. म्हणते, आईजवळ ठेव. नाही म्हटलं. रडतेय, आईजवळच — हात भरून आलाय — जरासं टेकवतो तिला, नुसता हात बदले